पेशंट माझ्या ओळखीची आहे

मला आजारी पडता येत नाही, हे मला पन्नाशी ओलांडल्यावर कळलं. तोवर माझी समजूत अशी होती की वेळ आलीच तर हे काम मला इतर कोणाहीपेक्षा छान जमेल. कॅन्सरच्या पेशंटने कसं वागावं, हे मी आयुष्यभर दुसऱ्यांना शिकवत आले होते.

मी प्रेमलता. वसईजवळ वटारला आमची वाडी आहे. केळी, पानवेली आणि थोडा मोगरा. वाडी माझे यजमान नरहरी बघतात. मी नर्स. लग्नाआधीपासून मुंबईच्या एका मोठ्या कॅन्सर हॉस्पिटलात होते. पुढे वसईत एका हॉस्पिटलाने केमोथेरपीचं डे-केअर सुरू केलं. सकाळी यायचं, खुर्चीत बसून सलाइनमधून औषध घ्यायचं आणि संध्याकाळी घरी जायचं, अशी ती सोय. तिथे त्यांनी मला इन्चार्ज म्हणून बोलावलं. घराजवळ नोकरी मिळाली याचा मला आनंद झाला. तिथल्या लोकांना किती झाला, ते मी कधी विचारलं नाही.

पहिल्या केमोला आलेल्या प्रत्येक पेशंटला आणि त्याच्या घरच्यांना मी समोर बसवून एक भाषण देत असे. केमो गाठीतल्या पेशी मारते, पण तिला आपलं-परकं कळत नाही. रक्तातल्या पांढऱ्या पेशीही ती मारते. त्या पेशी म्हणजे वाडीचं कुंपण. औषधानंतर आठवडाभराने हे कुंपण आडवं झालेलं असतं, आणि मग कोणाचंही ढोर आत शिरतं. एरवी ज्या जंतूने साधी शिंकही आली नसती तो तेव्हा माणसाला आयसीयूत नेतो. म्हणून गर्दीत जायचं नाही, हात धुवायचे, तोंड स्वच्छ ठेवायचं. आणि इथे मी टेबलावर बोट आपटत असे. "शंभर पॉइंट चारच्या वर गेला की तो ताप. गोळी घेऊन दाबायचा नाही. थोडा वेळ बघू म्हणायचं नाही. फोन करायचा आणि निघायचं."

हे भाषण मी फोनवरही द्यायचे, आणि फोन बहुतेक जेवताना यायचे. त्यामुळे नरहरींना ते पाठ झालं होतं. आमच्या सासूबाई, पुतळाबाई, त्यांनाही अर्धं येत असे.

डे-केअरमधल्या मुली माझ्याच हाताखाली तयार झालेल्या. त्यातली टिफनी वसईतल्याच पापडी गावची. तिला मी हात कसे धुवायचे हे इतक्या वेळा दाखवलं होतं की ती चर्चमध्ये हात जोडतानाही बोटांच्या फटी तपासते, असं तिची आई रिटा सांगायची.

तर मला स्तनात गाठ लागली ती आंघोळ करताना. मी ती तज्ज्ञासारखी तपासली. दाबून पाहिली, हलवून पाहिली, कडा चाचपल्या आणि निदान केलं, साधी गाठ आहे. मॅमोग्राफी केली ती माझं निदान बरोबर असल्याचा कागद मिळावा म्हणून. कागद मिळाला. त्यावर निदान दुसरंच होतं.

ऑपरेशन मुंबईत झालं. केमो कुठे घ्यायची हा प्रश्न आला तेव्हा नरहरी म्हणाले, "दुसरीकडे घेऊ या. तुझ्याच ठिकाणी नको."

"का? तिथे सगळं माझ्या डोळ्यांसमोर होईल."

"म्हणूनच म्हणतो," ते म्हणाले. पण मी ऐकलं नाही.

पहिल्या दिवशी मी खुर्चीत बसले आणि टिफनीने माझी शीर शोधायला सुरुवात केली. ही नको, ती घे, असं मी तिला सांगितलं. तिने तिला हवी तीच घेतली आणि एका टोचण्यात काम झालं. मग मी म्हणाले की टेप तिरकी लागली आहे.

"मॅडम," ती म्हणाली, "आज तुम्ही पेशंट आहात ना?"

"पेशंटला डोळे असतात."

"असतात. पण ते मिटले तर बरं वाटतं."

शेजारच्या खुर्चीत रामनाथ नावाचे गृहस्थ होते. सातिवलीला एका गाळ्यात मशीनवर काम करायचे, त्यांना लिम्फ ग्रंथींचा कॅन्सर होता. त्यांच्या तोंडात फोड आले होते. मला राहवलं नाही. स्वतःच्या हाताला सलाइन असताना मी त्यांना तोंडाची काळजी समजावू लागले. मीठ-सोड्याचं कोमट पाणी, मऊ ब्रश, तिखट बंद. औषधाआधी ॲलर्जी होऊ नये म्हणून एक इंजेक्शन देतात, त्याने गुंगी येते. हे मी शेकडो लोकांना सांगितलं आहे. "तोंड कसं ठेवायचं, तर..." इथवर मी आले आणि झोपले.

जाग आली तेव्हा दुपार सरत आली होती. मान एका बाजूला, मास्क हनुवटीवर, आणि ओढणीवर लाळ. संपूर्ण डे-केअरने माझं घोरणं ऐकलं होतं. रामनाथ अगदी गंभीरपणे म्हणाले, "सिस्टर, कळलं तोंड कसं ठेवायचं ते. उघडं."

टिफनी सलाइनकडे बघत होती, पण तिचे खांदे हलत होते.

केस गेले ते ठरल्या वेळी गेले. "केस काय, परत येतात," हे वाक्य मी कित्येक बायकांना सांगितलं असेल, आणि ते खरंच आहे. पण उशीवरचा पुंजका हातात घेतल्यावर मला ते वाक्य आठवेना. नरहरींनी राहिलेले केस मशीनने काढले. आरशात पाहिलं तर डोक्याच्या मागे एक खळगा. इतकी वर्षं मी तो अंबाड्याखाली झाकून मिरवत होते आणि मला पत्ताच नव्हता. सासूबाईंपुढे जायला मी कचरत होते. त्यांच्या पिढीत बाईचं डोकं कशासाठी भादरायचे ते मला माहीत होतं. त्यांनी मला जवळ बसवलं, डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "पोटची पोर जन्मली तवा तिचां पन असांच होतां. त्याच्यावर टोपरां घालायचां, बस." आणि त्यांनी खरंच जुन्या मऊ लुगड्याचं टोपरं शिवलं. मी त्यात कशी दिसायचे ते सांगत नाही. फोटो आहे, पण तो मी लपवला आहे.

घराचं मात्र मी हॉस्पिटल करून टाकलं. चपला बाहेर, भाजी दोनदा धुवायची, पाहुणे खिडकीतून. फुलदाणीच्या पाण्यात जंतू वाढतात म्हणून घरात फुलं बंद. आता फुलांच्या वाडीत राहून फुलं बंद करायची म्हणजे देवघराचा प्रश्न आला.

"देवाचां फूल तुझ्या औषधाला चालत नाय?" सासूबाईंनी विचारलं.

"फूल नाही चालत, आई. देव चालतो."

दुसऱ्या दिवसापासून देवांची पूजा मागच्या पडवीत सुरू झाली. म्हणजे माझ्यामुळे देवच घराबाहेर गेले.

कच्चं काही खायचं नाही म्हणून मी केळीही बंद केली. आमच्या घरात केळी बंद. नरहरी घड उतरवून आणायचे आणि माझ्यासमोरून मुकाट्याने घेऊन जायचे. पुढच्या तपासणीला मी हे अभिमानाने टिफनीला सांगितलं. ती जरा संकोचली. "मॅडम, आता इतकं कडक नाही सांगत. नीट धुतलेलं फळ चालतं. आणि केळं तर सोलूनच खातो ना आपण." मी म्हटलं, हो, मला माहीत आहे. माहीत नव्हतं. ते बदललं तेव्हा झालेल्या वर्गाला मी गेले नव्हते, कारण माझ्या मते मला त्याची गरज नव्हती.

हातांच्या बाबतीत मात्र मी कोणाचं ऐकणार नव्हते. दाराच्या कडीला हात लागला की साबण, पेपरला लागला की साबण, आणि साबणानंतर सॅनिटायझर. मी असं हात धुणं हॉस्पिटलात जन्मभर केलं होतं, पण तिथे निदान मधे मधे कामही करायचे.

दुसऱ्या केमोनंतरचा आठवडा उलटला होता. शेजारच्या घरी हळद होती. वैशाखातलं ऊन, गल्लीभर मंडप, स्पीकर लागलेला. मी अर्थातच घरात. दुपारी जेवून पडले आणि मला थंडी वाजली. पंखा बंद केला तरी वाजली. मग मी थर्मामीटर लावला. एकशे एकला थोडा कमी.

मी विचार केला की आत्ताच गरम सार प्यायले आहे. थांबून पुन्हा लावलं. थोडा जास्तच. आता मला थर्मामीटरचाच संशय आला. कपाटातून जुना पाऱ्याचा काढला. त्यानेही तेच सांगितलं. तेव्हा मी सासूबाईंना बोलावून त्यांचं तापमान घेतलं.

"मला काय झालां?" त्या म्हणाल्या.

"तुम्हाला काही नाही. थर्मामीटर बघते आहे."

त्यांचं नॉर्मल. नरहरी वाडीतून पंप बंद करून आले, त्यांना दारातच धरलं. त्यांचंही नॉर्मल. म्हणजे दोन्ही थर्मामीटर चांगले होते, आणि घरात ज्याच्याविषयी शंका उरली होती असं एकच माणूस होतं.

तरी मी निघाले नाही. हे मला आजही नीट समजावून सांगता येत नाही. मला सगळं माहीत होतं. कुंपण आडवं असताना ताप म्हणजे काय, किती वेळात रक्तदाब ढासळू शकतो, अँटिबायोटिकला एक तास उशीर म्हणजे किती. आणि तरी माझं मन म्हणत होतं, हे पेशंटांसाठी आहे. माझी ती गरम साराची वाफ आहे, ऊन आहे, बाहेरच्या स्पीकरचा त्रास आहे.

शेवटी मी एक मधला मार्ग काढला. डे-केअरला फोन लावला आणि आवाज जरा जाड केला.

"हॅलो, माझ्या ओळखीची एक पेशंट आहे. दुसरी केमो होऊन आठवडा झालाय. थोडी कणकण आहे. एकशे एकच्या आसपास. तर तिने जरा वेळ थांबून..."

पलीकडे टिफनी होती. तिने मला तिथेच तोडलं. मग अगदी माझ्याच सुरात, एकही शब्द न बदलता म्हणाली, "गोळी घेऊन दाबायचा नाही. थोडा वेळ बघू म्हणायचं नाही. त्या ओळखीच्या पेशंटच्या मिस्टरांना फोन द्या, मॅडम."

मी फोन नरहरींना दिला. ते नुसतं "हो, हो, लगेच" म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "चल."

"बॅग भरायची आहे." प्रत्येक पेशंटला मी पहिल्याच दिवशी सांगायचे, बॅग भरून दाराशी ठेवा. माझी भरलेली नव्हती. मला लागणार नव्हती ना.

"नाही भरायची. तूच सांगतेस ना लोकांना, की जसे आहात तसे निघा?"

"ते लोकांना."

"प्रेमा," ते म्हणाले, "घाबरलीस का?"

मला रागच आला, आणि राग आला म्हणून कळलं की त्यांचं बरोबर आहे. इतकी वर्षं नातेवाईक मला म्हणायचे, सिस्टर, ती निघायलाच तयार नव्हती हो, आणि मला वाटायचं की यांना मी नीट समजावलं नसेल. समजण्याचा प्रश्नच नव्हता. ऑपरेशन झालं, केस गेले, औषधं घेतली, तरी आत कुठेतरी मी अजून नर्सच होते. दाराबाहेर पाऊल टाकलं की पेशंट होणार होते, आणि पेशंटांचं काय काय होतं ते मी पाहिलेलं होतं.

सासूबाई आतून टोपरं घेऊन आल्या आणि माझ्या डोक्यावर बांधलं. "जा गो बाय. देवाला मी सांगतां."

आमची गाडी मंडपाच्या अलीकडे अडकली होती. पुतण्या प्रितेशला फोन करून त्याची गाडी गल्लीच्या पलीकडच्या तोंडाशी मागवली, आणि आम्ही मंडपातून चालत निघालो. डोक्याला टोपरं, तोंडाला मास्क, अंगावर वैशाखात शाल, नरहरींनी दंडाला धरलेलं. गाणं चालू होतं. नवरदेवाची आत्या हळदीचं ताट घेऊन आनंदाने माझ्याकडे आली. मी हात वर केला आणि दात वाजत असताना म्हणाले, "शि-शिवू नका. माझ्या पां-पांढऱ्या पेशी..." पुढचं व्याख्यान काही जमलं नाही. कोणीतरी स्पीकर बंद केला. माणसं दोन्ही बाजूंना सरकली. हळदीच्या मांडवात इतकी शांतता मी कधी ऐकली नव्हती. लोक असे बघत होते की जणू मी परत येणार नाही, आणि मला सगळ्यात जास्त वाटत होतं ते हे, की निदान टोपरं तरी सरळ बांधायला हवं होतं.

हॉस्पिटलात टिफनीने आधीच सांगून ठेवलं होतं. स्ट्रेचर दारात. मी त्यावरूनही इमर्जन्सीतल्या डॉक्टरांना सांगू लागले, "आधी कल्चरचं रक्त घ्या, मग अँटिबायोटिक, दोन जागांहून..." ते म्हणाले, "घेतलं, मॅडम." जंतू ओळखायचं ते रक्त खरंच घेतलं होतं. मला टोचलेलं कळलंही नव्हतं. मग खोलीचे कोपरे जरा पुसट झाले आणि कोणीतरी रक्तदाबाचा आकडा बोललं. तो आकडा मला आवडला नाही. त्यावर काही बोलावं असं वाटलं, पण शब्द सापडेना. बोलता येईना तेव्हा मी गप्प झाले. नरहरी नंतर म्हणाले की ते तेव्हाच खरे घाबरले. लग्नानंतर मला पहिल्यांदाच गप्प बघत होते.

टिफनीची ड्यूटी संपली होती तरी ती थांबली. सलाइन जोरात चालू झालं, अँटिबायोटिक सुरू झालं. तिने माझा हात हातात घेतला. मी कसंबसं पांढऱ्या पेशींचं विचारलं, "काउंट?"

"कमी आहेत."

"किती कमी?"

"मॅडम, तुमच्या पेशंटने विचारलं असतं तर तुम्ही काय सांगितलं असतं?"

"सांगितलं असतं की ते आमचं काम आहे."

"मग ते आमचं काम आहे," ती म्हणाली. मी डोळे मिटले. मिटल्यावर बरं वाटलं.

सकाळपर्यंत रक्तदाब वर आला, दोन दिवसांत ताप उतरला. जंतू आले कुठून, हे शोधताना डॉक्टरांनी छाती पाहिली, घसा पाहिला, लघवी तपासली आणि शेवटी माझे हात हातात घेतले. उजव्या अंगठ्याच्या नखाशेजारी लाल सूज होती. कातडी सगळीकडे भेगाळलेली.

"हात किती वेळा धुता?"

मी सांगितलं. त्यांनी मान हलवली. साबणाने आणि स्पिरिटने कातडी फाटली होती, औषधाने नखं आधीच कमजोर झालेली, आणि त्या फटीतून जंतू आत गेला होता. "धुवा, पण माणसासारखे. आणि धुतल्यावर मलम लावा." म्हणजे देव, फुलं, केळी, पाहुणे, सगळे निर्दोष सुटले. कुंपणाला भोक मीच पाडलं होतं, तेही घासून घासून.

घरी आल्यावर सासूबाईंना हे सांगितलं. त्यांनी एवढंच विचारलं, "मंग देवांना आत आनू?" मी म्हटलं, आणा. फुलंही आणा, फक्त माझ्या खोलीत नको.

पुढच्या प्रत्येक केमोनंतर पांढऱ्या पेशी वाढवण्याचं इंजेक्शन पोटाच्या कातडीखाली घ्यायचं होतं. ते मी स्वतः घेईन असं जाहीर केलं. हजारो लोकांना टोचलेली मी, स्वतःच्या पोटाची चिमटी धरून बसले आणि सुई काही पुढे सरकेना. नरहरींनी ती हातातून घेतली आणि टोचली. पानवेल बांधणाऱ्या माणसाचा हात हलका असतो. टोचल्यावर कापसावर टेप लावत त्यांनी विचारलं, "टेप सरळ लागली ना?" मी म्हणाले, हो. जराशी तिरकी होती.

उरलेल्या केमो पार पडल्या. नंतर रेडिएशन झालं, आता रोज एक गोळी आहे आणि दर काही महिन्यांनी तपासणी. केस आले ते कुरळे आले. मी कामावर परतले, अर्ध्या दिवसाच्या ड्यूटीवर. भाषण अजून देते. फक्त शेवटी विचारते, "निघायची भीती वाटली तर कोण ढकलून आणणार तुम्हाला?" पेशंट बहुतेक वेळा हसतो आणि शेजारी बसलेल्या माणसाकडे बघतो. त्या माणसाला मग मी वेगळं बसवते.

टिफनीला आयर्लंडमध्ये नोकरी लागली. जायच्या आधीच्या रविवारी रिटाने पापडीला घरी सगळ्यांना जेवायला बोलावलं. अंगणात टेबलं, डे-केअरच्या सगळ्या मुली, चर्चची माणसं. माझे काउंट चांगले होते, त्यामुळे मी गर्दीत मधोमध बसले. टिफनीने मला दोन शब्द बोलायला उभं केलं. मी सुरुवात चांगली केली होती, पण पुढे काय झालं माहीत नाही, मी तिला तिथल्या थंडीत मोजे कसे घालायचे ते सांगू लागले. मग मधेच थांबले आणि खाली बसले. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, बहुधा भाषण लहान झालं म्हणून.

परतताना नरहरी गाडी चालवत होते. "तिकडे तिचं कसं होईल?" त्यांनी विचारलं.

"छान होईल. हट्टी आहे."

"कोणासारखी?"

रिटाने डब्यात भरून दिलेले फुगे मांडीवर अजून गरम होते. त्या मऊ, तळलेल्या पावांचा वास गाडीभर पसरला होता. डबा सासूबाईंसाठी होता. निर्मळच्या तळ्यापर्यंत मी धीर धरला. पुढे झाकण उघडलंच.